तिसऱ्यांदा विचारलं की

विमान बदललंय, हे काउंटरवरच्या मुलीने इतक्या गोड आवाजात सांगितलं की कुणाला रागही आला नाही. मोठ्या विमानात काहीतरी बिघाड निघाला होता, त्याच्याऐवजी लहान आणलं होतं, आणि लहान विमानात सगळ्यांच्या जागा नव्याने वाटल्या होत्या. माझी आली आठव्या रांगेत, माझ्या नवऱ्याची, ओरिनची, एकविसाव्या. मुलीने मान वर करून विचारलं, "दोघांच्या लांब लांब आल्यात. चालेल ना?"

"चालेल, चालेल," मी म्हटलं.

आता यात माझं काय चुकलं ते सांगा. पहिल्यांदा विचारल्यावर खरं कोण सांगतं? तिने म्हणायला हवं होतं, "नक्की ना?" मी म्हटलं असतं, "उगाच तुम्हाला त्रास." ती म्हणाली असती, "त्रास कसला, बघते की," आणि तिसऱ्या खेपेला मी म्हटलं असतं, "जमण्यासारखं असेल तर बघा." एवढं सरळ काम. पण ती मुलगी मिनेसोटाची नसावी. तिने माझे कागद परत दिले, छान हसली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

आम्ही जिच्याकडे निघालो होतो त्या माझ्या मुलीने, क्रिस्टाने, फिनिक्सहून आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, "आई, स्पष्ट सांग. बाबांना माझ्याशेजारीच बसवा म्हण, आणि का ते पण सांग." ॲरिझोनात राहून पोरगी फार स्पष्ट बोलायला शिकलीय. तुम्हाला न्यायला मीच येते म्हणत होती, त्यालाही मी नको म्हटलं होतं. तिने दोनदाच विचारलं.

आणि 'का ते' सांगायचं म्हणजे काय सांगायचं? ओरिनचं आमच्या गावात हार्डवेअरचं दुकान होतं. कुठलाही नट हातात दिला की डोळे मिटून त्याचा बोल्ट काढून देणारा माणूस. मागच्या हिवाळ्यात तो आमचा छोटा ट्रक घेऊन पोस्टात गेला आणि चालत घरी आला, हातात पत्रं, मिशीवर बर्फ. ट्रक पोस्टाच्या दारात चालू इंजिनाने उभा होता. पोस्टातल्या बाईंनी फोन केला तेव्हा मी म्हटलं, बॅटरी दगा देते हो आमची, म्हणून बंद करत नाही तो. तेव्हापासून गावात जो भेटेल तो मला चांगली बॅटरी सुचवतो. डॉक्टरांनी या प्रकाराला एक नाव दिलंय. त्या नावाला मी घरात घेतलेलं नाही.

नावाचं जाऊ द्या. मुद्दा असा, की शेजारी मी नसले की ओरिन घाबरतो. नुसता घाबरत नाही, उठून दार शोधायला लागतो. नोव्हेंबरात दवाखान्यात मी बाथरूमला जाऊन आले तेवढ्यात तो नुसत्या सदऱ्यावर बाहेर बर्फात, लोकांच्या गाड्यांची दारं ओढून बघत होता. विमानात दार शोधायला लागला तर त्याचं काय करतील, या विचाराने मला आठवडाभर झोप नव्हती. मला त्याच्याशेजारी बसायचं होतं. एवढंच हवं होतं मला.

विमानात मी आधी त्याला एकविसाव्या रांगेत नेलं. खिडकीची जागा होती. पट्टा बांधला, कोट मांडीवर दिला. तो खिडकीबाहेर पंखाच्या पत्र्यात ठोकलेले रिव्हेट बघायला लागला. मी म्हटलं, "मी पुढे आहे हं, जवळच." तो म्हणाला, "बरं."

मधल्या जागेवर एक धिप्पाड माणूस होता, डोक्यावर आमच्याकडचे शेतकरी घालतात तशी बियाण्याच्या कंपनीची टोपी. त्याला बघूनच मला बरं वाटलं, आपल्याकडचा वाटला. आणि होताच. फर्गस फॉल्सचा, ड्वेन नावाचा. कडेच्या जागेवर मोठ्या काळ्या चष्म्याची एक बाई होती. ती न्यू जर्सीची. हे तिने कुणी न विचारता सांगून टाकलं, आणि रॉझ हे नावही.

ड्वेनने माझ्याकडे पाहिलं, ओरिनकडे पाहिलं आणि विचारलं, "दोघं बरोबर आहात का? मी उठतो की. तुमच्या जागेवर जातो."

माझ्या जिवात जीव आला. माझी जागा पुढची, कडेची, त्याच्या मधल्या जागेपेक्षा कितीतरी चांगली. मी म्हटलं, "नको हो, तुम्ही आता बसलात, बॅगही वर ठेवलीत."

"बॅग काय, काढतो. त्यात काय आहे?" ड्वेन म्हणाला.

"उगाच तुम्हाला उठवायचं म्हणजे बरं नाही वाटत," मी म्हटलं.

आमच्याकडच्या कुणालाही विचारा, याचा अर्थ 'उठा' असा होतो. ड्वेनला तो कळला होता. त्याचा हात पट्ट्याच्या बकलावर गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्याने तिसऱ्यांदा विचारायला तोंडही उघडलं. तेवढ्यात रॉझ मध्ये पडली.

"अहो, त्या दोनदा नाही म्हणाल्या ना? किती मागे लागाल त्यांच्या?" आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. "जा हो तुम्ही पुढे. तीन तास नवऱ्यापासून सुटका मिळतेय, कोण सोडेल?"

ड्वेनचे कान लाल झाले. परक्या बाईने असं चारचौघांत म्हटल्यावर बिचारा तिसऱ्यांदा कसा विचारणार? बकलावरचा हात त्याने गुडघ्यावर ठेवला. मी हसले. का हसले देव जाणे. रॉझला त्या चष्म्यासकट उचलून बाहेर ठेवावं असं वाटत होतं, आणि मी हसून "बरं मग" म्हणाले आणि आठव्या रांगेकडे निघाले.

तिथे आणखी वेगळाच प्रकार. खिडकीशी एक माणूस टोपी तोंडावर ओढून झोपलेला. मध्ये माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी बाई, लाव्हॉन नावाची, आमच्याकडच्याच विलमारची. मी कडेला बसले. माझं सगळं लक्ष मागे. लाव्हॉनबाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कडेची जागा बरी असते, नाही? पाय पसरता येतो. माझा हा गुडघा जरा... पण तसं काही नाही."

आता हे कळत असून न कळल्यासारखं करता येतं का? मनात ओरिन होता, पण तोंडाने मी म्हटलं, तुम्ही इकडे बसा. त्या म्हणाल्या, छे छे. मी म्हटलं, अहो बसा. त्या म्हणाल्या, तुमची जागा आहे ती. मी तिसऱ्यांदा म्हटलं, मग त्या लगेच उठल्या. मी मध्ये, त्या कडेला. म्हणजे ओरिनपासून मी आणखी एका माणसाने लांब गेले, तेही स्वतःच्या हाताने. लाव्हॉनबाईंनी पिशवीतून डबा काढून लिंबाची वडी पुढे केली. आमच्या चर्चच्या तळघरात जेवणं होतात, तिथे असल्या डब्यातली शेवटची वडी कुणी उचलत नाही, अर्धी करतात, मग अर्ध्याची अर्धी, आणि शेवटी भांडी घासणारीला चुरा मिळतो. मी मान हलवली तर त्यांनी तीही अर्धी केली.

तेवढ्यात समोर ड्वेन. छातीशी बॅग धरलेली, मागे चार माणसं अडकलेली.

"तुमच्या मिस्टरांनी सांगितलं," तो मला म्हणाला, "ती जागा तुमच्यासाठी धरलीय म्हणून. मला आधी कळलंच नाही. तुम्ही जा तिकडे."

ओरिनने सांगितलं? मला काही उमजेना. ओरिन परक्या माणसाला उठ म्हणेल? जन्मात कुणाला चमचा मागितला नाही त्याने. पण विचार करायला वेळ कुठे होता? मी उठले. मला वाट द्यायला लाव्हॉनबाई उठून बाहेर आल्या. त्यांनी ड्वेनला पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात आलं, की हा माझ्या बदली आलाय, तर मला मुळात मिळालेली कडेची जागा याला द्यायला हवी. त्या म्हणाल्या, तुम्ही कडेला बसा. तो म्हणाला, मला मधली चालते. त्या म्हणाल्या, अहो, या बाईंची मूळ जागा कडेची. मी म्हटलं, लाव्हॉनबाई, तुम्ही कडेलाच राहा, तुमचा गुडघा. त्या म्हणाल्या, गुडघ्याचं काही नाही हो. ड्वेन म्हणाला, गुडघा असेल तर मी मुळीच बसणार नाही. जागा रिकाम्या होत्या आणि आम्ही तिघं एकमेकांना वाट देत उभे होतो. मागून कुणीतरी मोठ्याने सुस्कारा सोडला.

मग हवाई सुंदरी आली. आमच्याच वयाची होती, सुंदरी म्हणायचं म्हणून म्हणायचं. तिने सांगितलं, दार बंद झालंय, विमान हलणार आहे, बसा. ड्वेनने तिला म्हटलं, आधी तुम्हाला जाऊ देतो.

"मला कुठेही जायचं नाहीय," ती म्हणाली. "तुम्ही बसा. आत्ता. जिथे आहात तिथे."

असा आवाज आमच्याकडे फक्त शाळेत आणि कुत्र्यांवर वापरतात. ड्वेन जवळच्या जागेवर धपकन बसला, ती कडेची होती. मी अजून रांगेतच अर्धवट वाकून उभी होते, ती मागच्या मागे मधल्या जागेवर बसले. वाटेत उभ्या राहिल्या एकट्या लाव्हॉनबाई, हातात वड्यांचा डबा.

"तुमची जागा कुठे?" सुंदरीने विचारलं.

लाव्हॉनबाईंनी आपल्या जागेवर बसलेल्या ड्वेनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "माझं काय, मला कुठेही चालेल."

"एकविसाव्या रांगेत मधली रिकामी आहे. चला."

आणि त्या गेल्या, लंगडत. माझ्या जागेवर, माझ्या नवऱ्याशेजारी. मी तोंड उघडलं. आत 'चालेल'शिवाय दुसरा शब्द सापडेना. सुंदरी जाता जाता म्हणाली, "पट्टा, बाई," आणि मी पट्टा लावला.

विमान वर चढलं. मागे वळून बघितलं तर दिसत होत्या नुसत्या खुर्च्यांच्या पाठी. मी कान देऊन बसले. कुणी ओरडतंय का, पावलं वाजतायत का. ड्वेनच्या लक्षात आता सगळा घोळ आला होता. घामाघूम झाला होता बिचारा. पट्ट्याचा दिवा विझला की आपण पुन्हा नीट बसू, सगळी माझी चूक, म्हणाला. मी म्हटलं, चूक कसली, वेगळंच झालं जरा. मग न राहवून विचारलं, ओरिन नक्की काय म्हणाला तुम्हाला?

"म्हणाले, ही माझ्या बायकोची जागा आहे. मी म्हटलं, त्या पुढे बसल्यात. हो का, म्हणाले. मी काही उठलो नाही. म्हटलं, पहिल्यांदा म्हणतायत, सहज म्हणत असतील. थोड्या वेळाने पुन्हा तेच, शब्दाला शब्द. आणि मग तिसऱ्यांदा." ड्वेनने टोपी काढून कपाळ पुसलं. "तीनदा म्हटल्यावर मला कळलं, की मनापासून आहे. रॉझबाई हसत होत्या. पण त्यांना काय कळणार? आपल्याकडचा माणूस तीनदा म्हणतो म्हणजे काय ते."

चांगला माणूस होता. मी त्याला हो म्हटलं.

पण ओरिन रीत म्हणून तीनदा म्हणाला नव्हता. तो तीनही वेळा पहिल्यांदाच म्हणाला होता.

आमच्या गावात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, याचं मला नवल वाटायचं. मी बॅटरीच्या थापा मारत होते, मला वाटायचं मी फार हुशारीने लपवतेय. मी काही लपवलं नव्हतं. ओरिन पाद्रीबाबांना एका सकाळी तीनदा विचारायचा, तुमची आई कशी आहे, आणि पाद्रीबाबा मला सांगायचे, मार्लिस, किती काळजीचा माणूस आहे तुमचा. दुकानात गिऱ्हाइकाला तीनदा विचारायचा, आणखी काही हवंय का, आणि तिसऱ्या खेपेला माणूस एखादा कुलपाचा सेट घेऊन जायचा. शेजाऱ्यांना कॉफीचं तीनदा विचारायचा. सगळं गाव खूश होतं त्याच्यावर.

गावाचं कशाला बोला? मला स्वतःला तो विचारायचा. कॉफी घेतेस? नको. कॉफी घेतेस का? राहू दे. कॉफी करू का गं तुला? दोन हिवाळे मी समजत होते, की म्हातारपणी नवरा प्रेमळ झालाय. मी तिसऱ्यांदा हो म्हणायचे आणि सुखाने कॉफी प्यायचे. त्यातली कुठली कॉफी त्याने प्रेमाने विचारली आणि कुठली विसरून, हे आता कसं शोधायचं? कुणाला विचारायचं?

पट्ट्याचा दिवा विझला. ड्वेन माझ्या आधी उठून उभा राहिला, आणि या वेळी मी त्याला नको म्हटलं नाही. खुर्च्यांच्या पाठी धरत मी मागे गेले. मनाची तयारी केली होती, की ओरिन उभा असेल, दार ओढत असेल, दोघातिघांनी त्याला धरलं असेल.

तसं काहीच नव्हतं. ओरिन खिडकीशी निवांत बसला होता आणि पंखाकडे बोट दाखवून रिव्हेट समजावत होता. दुसऱ्या हातात त्याने लाव्हॉनबाईंचा हात धरला होता. त्याच्या गुडघ्यावर वडीचा चुरा. अलीकडे रॉझ चष्मा कपाळावर चढवून या दोघांकडे बघत बसली होती, काहीच कळत नसल्यासारखी.

मला पाहून लाव्हॉनबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्या हळूच म्हणाल्या, "ते मला मार्लिस म्हणाले. मी म्हटलं, मी नव्हे. पुन्हा म्हणाले, मी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाले, इतक्या आनंदाने म्हणाले हो... मग मला नाही म्हणवेना." आणि मग, "उठू का मी? तुम्हाला बसायचं असेल तर."

पहिल्यांदा विचारलं होतं त्यांनी. माझ्या जिभेवर 'नको, बसा' आलं. अगदी ओठापर्यंत आलं. ओरिन शांत होता, घाबरला नव्हता, दार शोधत नव्हता. मला जे हवं होतं ते झालंच होतं, फक्त माझ्याशिवाय झालं होतं. आणि मला इतका राग आला, की तो कुणावर आहे तेही कळेना. त्या म्हातारीवर? तिने काय केलं होतं? आमच्याकडच्या कुठल्याही बाईने केलं असतं तेच.

"हो," मी म्हटलं. "उठा. ती माझी जागा आहे. माझ्या नवऱ्याला अल्झायमर आहे."

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. पुढच्या दोन रांगांतली डोकी वळली आणि पुन्हा सरळ झाली. लाव्हॉनबाई उठल्या, त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, फार जपून. रॉझ वाटेत उभी राहिली आणि त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. मग माझ्याकडे वळली.

"मग मघाशीच का नाही सांगितलंत हो?" ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला आत जायला वाट दिली.

ओरिन लाव्हॉनबाईंच्या पाठीकडे बघत होता. त्या लंगडत पुढे गेल्या, खुर्च्यांच्या पाठींआड झाल्या. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की करायचा तसा चेहरा केला, अदबशीर, मदतीला तयार.

"बसायचंय का तुम्हाला?" तो म्हणाला. "बसा ना. माझी बायको आत्ताच उठून गेली, पाय मोकळे करायला. ती येईपर्यंत बसा."

मी बसले. पट्टा सापडेना, तो त्याने शोधून दिला.

"फक्त एक आहे," तो जरा संकोचून म्हणाला. "ती आली की तुम्ही आपणहून उठाल ना? ती मागणार नाही. नुसती उभी राहील आणि म्हणेल, चालेल."

मला रडू फुटलं ते मी खोकल्यासारखं केलं. मग म्हटलं, उठेन. तो म्हणाला, थँक यू. आणि थोडा वेळ आम्ही दोघंही वाटेकडे बघत बसलो. पुढून कुणी बाई आली की तो मान उंच करायचा, आणि ती निघून गेली की मला म्हणायचा, येईलच. घाबरलेला मुळीच नव्हता. बायको येणार याबद्दल त्याला काडीचीही शंका नव्हती. मलाच वाटायला लागलं, की खरंच कुणीतरी येईल आणि मला इथून उठावं लागेल.

खाली ढग सरले. बर्फ मागे राहिलं होतं, तांबूस डोंगर दिसायला लागले. माझी मान तिकडे वळलेली त्याने पाहिली.

"खिडकीशी बसता?" ओरिनने विचारलं. "इथून छान दिसतं."

"नको," मी म्हटलं. "तुम्ही बसा."

त्याने मान डोलावली. पंखाकडे बघितलं, रिव्हेटवरून बोट फिरवलं, काचेच्या अलीकडूनच. मग माझ्याकडे वळला, तोच चेहरा, तीच अदब.

"खिडकीशी बसता का तुम्ही?"

"उगाच तुम्हाला उठवायचं," मी म्हटलं.

रॉझ कडेच्या जागेवरून आमच्याकडे बघत होती. या वेळी ती मध्ये पडली नाही. ओरिनने वाटेकडे एकदा पाहिलं, मांडीवरचा कोट सरळ केला, माझ्याकडे वळून थोडा वेळ बघत राहिला. कसा बघत होता ते मला सांगता येणार नाही. ओळखीचं होतं, की नुसतं सभ्य होतं, मी पुष्कळ शोधलं.

"अहो, बसा ना खिडकीशी," तो म्हणाला.

रीत म्हणून तिसऱ्यांदा विचारलं, की पहिल्या दोन्ही वेळा विसरून गेला होता, मला कळलं नाही. त्याचा हात बकलावर होता. मी हो म्हटलं.